तापमान कशाचं?

औंढा नागनाथजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला प्रश्नपेटी उघडतो. मार्चअखेरच्या त्या शनिवारी दोन चिठ्ठ्या निघाल्या. पहिली होती, माणसाच्या डीएनएतली 300 कोटी अक्षरं वाचतं कोण? एकाच पानाच्या पाच झेरॉक्स वेगवेगळ्या ठिकाणी फाडल्या आणि सारख्या शब्दांवरून पोरांना तुकडे लावायला सांगितलं. यंत्रं डीएनए तुकड्यातुकड्यांनी वाचतात आणि ते तुकडे जोडताना कॉम्प्युटर हेच करतो. पान जुळलं, पोरं खूश.

दुसरी चिठ्ठी: अवकाशात गरम असतं की थंड?

वर्षानुवर्षांच्या सवयीनं मी सांगून टाकलं, "थंड. उणे 270 अंश."

आठवीतली एक मुलगी उठली. "सर, तिथं हवाच न्हाई, मग तापमान कशाचं मोजलं?"

मी खडू खाली ठेवला. खरंच, कशाचं? औंढ्याजवळ होऊ घातलेल्या लायगो वेधशाळेत गुरुत्वलहरी टिपायला हवा काढून टाकलेल्या लांबलचक नळ्या लागणार, त्यामुळं 'निर्वात' हा शब्द पोरांच्या ओळखीचा आहे, पण हा प्रश्न मलाच कधी पडला नव्हता. मग नीट सांगितलं. तापमान वस्तूचं असतं. सगळ्या ताऱ्यांपासून लांब ठेवलेली वस्तू निवत निवत उणे 270 पर्यंत जाईल. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाची उन्हातली बाजू मात्र 120 अंशांच्या आसपास तापते आणि सावलीतली उणे शंभराच्याही खाली जाते. उष्णता वाहून न्यायला वारा नाही. ती फक्त किरणांच्या रूपानं बाहेर पडते.

ऑगस्ट 2023 मध्ये विक्रम लँडरनं चंद्राच्या मातीत तापमापक खुपसला होता, तेही सांगितलं. पृष्ठभागाजवळ 50 अंशांच्या पुढं आणि फक्त 8 सेंटिमीटर खाली उणे 10 च्या आसपास.

"आपल्या मातीत बघू की!" पोरं म्हणाली.

शाळा सुटली, तरी कुणी घरी गेलं नाही. मैदानामागच्या काळ्या रानात, भर उन्हात थर्मामीटरचा फुगा मातीच्या पातळ थराखाली झाकला. 54. मग चार बोटं खोल, 34. वरची माती हाताला चटके देत होती, खालची नुसती कोमट.

इथं 20 अंशांचा फरक, चंद्रावर 60. असं का, ते मी सांगायच्या आत तीच मुलगी म्हणाली, "तिथल्या मातीच्या कणांमधी हवा न्हाई. ऊन खाली जाणार कसं?"

बरोबर होतं. तिथले कण एकमेकांना टेकतात तेवढ्या जागेतून आणि थोडीफार किरणांच्या रूपानं उष्णता खाली सरकते. आपल्याकडं हवा आणि ओल दोन्ही मदतीला असतात.

"मग पाणी शिंपडून बी मोजावं लागंल," ती म्हणाली. थर्मामीटर मी तिच्याकडंच दिला.