चिपटं, मापटं आणि थोरलीचे अपूर्णांक

२ जून, खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

शाळा सुरू झाल्या. गल्लीतली पोरं नवी दप्तरं लावून गेली आणि आमची दोघं कट्ट्यावर बसून बघत राहिली. थोरली नऊची, धाकटा सहाचा. रिक्षावाल्याने सवयीने हॉर्न वाजवला, मग आठवलं तसा हात करून पुढे गेला. माझ्या पोटात गोळाच आला.

ठरलं होतं मार्चमध्येच, यंदा दोघांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं. थोरलीला मार्क चांगले पडायचे, पण वहीतलं उत्तर तुझ्या शब्दांत सांग म्हटलं की ती गप्प व्हायची. इंग्रजीतली ओळ न् ओळ पाठ, अर्थ विचारला की डोळ्यांत पाणी. ते पाणी मला बघवेना.

रात्री हे बेळगावच्या उद्यमबागेतून कामावरून आले आणि पुन्हा कायद्याचं विचारलं. मी वाचलेलं सगळं सांगितलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलांना शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य असं त्यात लिहिलंय, घरी शिकवायची वेगळी तरतूद नाही. आईबापाला शिक्षाही सांगितलेली नाही. आणि शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसायचा हक्क त्याच कायद्याने दिलाय, म्हणजे परतीची वाट मोकळी आहे. पुढे १४ पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं, मराठीतूनसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वर्षभर बघू. पण कन्नड सुटता कामा नये. आपल्याला राहायचं इथंच आहे."

९ जून

आठवडा वाईट गेला. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं, नऊला मराठी, दहाला गणित, अकराला परिसर. तिसऱ्या दिवशी दोघंही रडली, मी ओरडले. ज्या गोष्टीतून लेकीला बाहेर काढलं तीच मी स्वयंपाकघराशेजारी मांडून ठेवली होती. आज वेळापत्रक काढलं. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर उतरवून घेतलीत, ती राहू देत. सकाळी दीड तास वाचन आणि गणित, बाकीचा दिवस घरातल्या कामाचा, शेताचा, त्यांच्या प्रश्नांचा. पुरेल की नाही, ही भीती आहेच.

२१ जून

आजचं सविस्तर लिहून ठेवते.

थोरली अपूर्णांकाला अडली होती. अर्धा अधिक पाव, म्हणजे १/२ + १/४, तिने उत्तर लिहिलं २/६. वरचे वर, खालचे खाली. मी दोनदा समजावलं, तिने दोनदा मान हलवली, तिसऱ्यांदा पुन्हा २/६. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत होत्या. काही न बोलता उठल्या आणि फळीवरची मापं काढून आणली: चिपटं, मापटं, शेर. पितळेची, काठाला झिजलेली.

"ह्ये मापटं, अर्धा शेर. ह्ये चिपटं, पाव. ओत बघू दोन्ही."

तिने मापटंभर तांदूळ शेरात ओतले, वर चिपटंभर. शेर भरला नाही. तिने बोटाने तांदूळ सपाट केले, आत वाकून पाहिलं, मग आणखी एक चिपटं ओतलं. बरोबर काठाला आलं, चार दाणे सांडले. ते चार दाणे उचलून परत टाकता टाकता ती थांबली. "आई, म्हणजे मघाशी पाऊण होतं. माझं २/६ तर अर्ध्यापेक्षाही कमी येतं. ओतल्यावर कमी कसं होईल?"

ही चूक तिची तिने पकडली. माझे डोळे भरून आले. आत्तींना शाळा तिसरीपर्यंत, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. संध्याकाळी दिवा लावल्यावर त्यांनी पोरांना पावकी म्हणून दाखवली. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड. इतकी वर्षं मी या घरात आहे, हे कधी विचारलंच नव्हतं.

२३ जून

शेजारच्या अक्का मापं बघून आत आल्या. त्यांच्या कन्नडमध्ये पाव म्हणजे कालु, पाऊण म्हणजे मुक्कालु. धाकटा म्हणाला, "कालु म्हणजे तर पाय!" अक्का म्हणाल्या, दोन्ही. थोरली जरा विचार करून म्हणाली, "चार पायांतला एक, म्हणून पाव." मी शब्दकोश काढला. आपला पावसुद्धा संस्कृत पाद, म्हणजे पायावरूनच आलाय. आता अक्का रोज दुपारी अर्धा तास येणार आहेत, फक्त कन्नड बोलायला.

१० जुलै

पावसाने झोडपलंय. लावणी चालू आहे, त्यामुळे पुस्तकं चार दिवस बंद. वावरातून आल्यावर आत्तींनी विचारलं, घरातलं भाताचं बी किती उरलंय? थोरलीने मापलं, सात शेर.

"चार शेरांची पायली. मग किती पायल्या?"

"पावणेदोन," ती म्हणाली.

धाकटा चिखलाच्या पायांनी दारातूनच ओरडला, "ओंदू मुक्कालु!"