तुम्ही विचारलंत म्हणून: कमेंट हाताने का वाचते?

"मॅडम, एवढी टूल्स आहेत, मग तुम्ही अजून एक्सेल उघडून कमेंट हाताने का वाचता?" क्लायंटच्या पेजवरच्या कमेंटवरून लोक खूश आहेत की नाराज ते सांगणं हे आमचं काम, आणि दर सहा महिन्यांनी नवीन इंटर्न येतो आणि हे विचारतो. क्लायंट विचारतात, जरा वेगळ्या सुरात, म्हणजे याचे पैसे आम्ही का द्यायचे. मागच्या महिन्यात डोंबिवलीत वास्तुशांतीला नणंदेच्या मिस्टरांनी पण विचारलं, हातात जिलबीची प्लेट, "आता तर एआय करतं ना हे सगळं?" मी दरवेळी "सवय आहे हो" म्हणून वेळ मारून नेते. सवयबिवय काही नाहीये, एकदा नीट लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आणि हो, पँट्रीत जे बोललं जातं की मॅडमना कोडिंग जमत नाही म्हणून एक्सेल, ते मला ऐकू येतं. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएससी केलंय मी, आर आणि पायथन दोन्हीत रोज काम करते, तुम्ही जो डॅशबोर्ड वापरता त्याचा अर्धा कोड माझा आहे. तो कोड आतून माहितीये हाच तर प्रॉब्लेम आहे.

2019 चा पावसाळा. तेव्हा मी दुसऱ्या एजन्सीत होते आणि आमच्याकडे एक हॉस्पिटल क्लायंट होतं, नाव नाही सांगणार. काम सोपं होतं, त्यांच्या पेजवरच्या तीन महिन्यांच्या कमेंट घ्यायच्या आणि लोक खूश आहेत की नाराज ते टक्क्यांत सांगायचं. मराठी-हिंदी कमेंट मशीनने इंग्रजीत ट्रान्सलेट करायच्या आणि त्यावर व्हेडर चालवायचं. व्हेडर म्हणजे 2014 साली आलेलं, इंग्रजी सोशल मीडियासाठी बनवलेलं टूल. साडेसात हजाराच्या आसपास शब्द-इमोटिकॉनची यादी आहे, प्रत्येकाला मार्क दिलेत, सगळ्यांची गोळाबेरीज करून वाक्याला उणे एक ते अधिक एक असा स्कोअर मिळतो. फुकट, फास्ट, आणि क्लायंटला सांगायला नाव भारदस्त. तेव्हा मी त्याच्या प्रेमात होते, खोटं कशाला बोलू.

स्लाइड अकरावर 'लोक काय म्हणतात' म्हणून पाच कमेंट टाकायच्या होत्या. त्या मी निवडल्याच नाहीत, कोडला सांगितलं सगळ्यात जास्त स्कोअरच्या पाच काढ. त्यातली तिसरी अशी होती: "खूप छान काळजी घेतलीत आमच्या दादांची. आता त्यांना कसलाच त्रास नाही. मनापासून धन्यवाद." स्कोअर 0.9 च्या आसपास. आदल्या रात्री मी ती वाचली होती हे पण सांगते. वाचली, मराठी आहे, गोड आहे, लोकल टच येईल म्हणून फाँट मोठा केला.

दुसऱ्या दिवशी परळला त्यांच्या ऑफिसात प्रेझेंटेशन. बाहेर धो धो पाऊस, माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, वर एसी अठरावर. मार्केटिंगचे दोघं, माझा बॉस, आणि कोपऱ्यात त्यांच्या पीआरमधल्या एक बाई, पन्नाशीच्या, आख्ख्या मीटिंगमध्ये एक शब्द बोलल्या नव्हत्या. अकरावी स्लाइड आली, मी पुढे जाणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणाल्या, "हे दादा गेले हो. जूनमध्ये. त्यांचा मुलगा रोज काहीतरी लिहितो आपल्या पेजवर."

कोणी काही बोललं नाही. मग मार्केटिंगमधला मोठा साहेब, त्याला मराठी वाचता येत नव्हतं, बाईंनी त्याला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, मग ही पॉझिटिव्हमध्ये धरायची की नाही? खरंच असंच म्हणाला. आणि माझा बॉस म्हणाला, "आउटलायर आहे सर, एकूण आकड्यावर परिणाम नाही." आणि मी मान हलवली.

लोक मला विचारतात की चूक तर टूलची होती मग एवढं काय. ती मान टूलने नाही हलवली.

दादरपर्यंत चालत गेले, फास्ट पकडली, विंडोला उभी राहून ते पेज उघडलं आणि तो थ्रेड वरून वाचायला लागले. दादांच्या त्याच मुलाने मे महिन्यात लिहिलं होतं की आयसीयूबाहेर बसलोय, कोणी नीट सांगत नाही. मग बिलाबद्दल. मग एक दिवस नुसते जोडलेले हात. त्याच्यानंतर ही ओळ, दुसऱ्या कोणाच्या तरी "बेस्ट हॉस्पिटल" वाल्या कमेंटला रिप्लाय म्हणून. आमच्या सीएसव्हीत, म्हणजे कमेंट उतरवलेल्या टेबलाच्या फाइलमध्ये, हे काहीच नव्हतं. टेक्स्ट, तारीख, लाइक, बास. कोण कोणाला उत्तर देतंय तो कॉलम मीच काढून टाकला होता कारण त्यात रिकाम्या जागा फार होत्या आणि कोड अडकत होता. आणि व्हेडरचं म्हणाल तर त्याने इमानदारीत काम केलं होतं. 'त्रास'ला उणे मार्क, पण पुढे 'नाही' असलं की ते उणे उलटून अधिक होतं, अशी हुशारी त्यात आहे. म्हणजे त्या मुलाने जिथे सगळ्यात जोरात टोमणा मारला होता तिथेच त्याला वरचे मार्क मिळाले. ठाणं गेलं तरी मी वाचतच होते.

आता माझ्यातलीच 2019 वाली मुलगी लगेच म्हणते, एका कमेंटवरून काय सिद्ध होतं, तू स्टॅटिस्टिक्सवाली ना, एका केसवरून निष्कर्ष काढतेस? बरोबर आहे तिचं. म्हणून तिच्याच भाषेत सांगते. समजा टूल शंभर खऱ्या चांगल्या कमेंटपैकी सत्तर बरोबर ओळखतं आणि शंभर वाईट कमेंटपैकी तीस कमेंटना चुकून चांगलं म्हणतं. ऐकायला ठीक वाटतं, सत्तर टक्के अचूक. आता समजा खरे खूश लोक फक्त वीस टक्के आहेत. वीसातले चौदा सापडले, ऐंशीतले चोवीस फुकटात आले, डॅशबोर्डवर आकडा अडतीस. वीसचे अडतीस! आणि इथे दहा हजार कमेंट घ्या की दहा लाख, अडतीसच येणार, उलट डेटा वाढला की तो अडतीस आणखी ठाम दिसणार. बॉसचं "एकूण आकड्यावर परिणाम नाही" हे म्हणून चूक होतं. चुका दोन्हीकडून सारख्या होऊन एकमेकींना खातील असं आपण धरून चालतो, त्या खात नाहीत.

त्यावर उपाय काय, तर रँडम चारशे कमेंट काढून माणसाने वाचायच्या. चारशेत साधारण अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत उत्तर मिळतं, मागे पन्नास हजार कमेंट असोत नाहीतर पाच लाख, आणि टूल कुठल्या बाजूला किती चुकतंय ते कळलं की त्याचा आकडा दुरुस्तही करता येतो. म्हणजे मी हाताने वाचते ते स्टॅटिस्टिक्स सोडून नाही, ते स्टॅटिस्टिक्सच आहे. हे वाक्य मी क्लायंटना बरेचदा म्हणते आणि ते मान हलवतात, तशीच.

आणि ते न्यूट्रल! डॅशबोर्डवरचा तो राखाडी तुकडा बघून सगळे म्हणतात लोकांना फार काही वाटत नाहीये. अहो, यादीत नसलेला शब्द आला की व्हेडर शून्य देतं. रोमन लिपीत टाइप केलेलं 'लय भारी' म्हणजे शून्य, ट्रान्सलेटमधून तसंच सुटलेलं 'वाट लावली' म्हणजे शून्य, आणि आपल्याकडे अर्धी जनता रोमनमध्येच मराठी लिहिते, 'खूप'ची तीन स्पेलिंगं करून. तो राखाडी तुकडा म्हणजे बराचसा 'आम्हाला कळलं नाही'.

मग कोणीतरी हुशार म्हणतं, कमेंट सोडा, सर्च डेटा घ्या, गूगलसमोर कोणी टोमणे मारत नाही. खरंय, नाही मारत. पण गूगल ट्रेंड्सवर दिसतं ते सर्चची संख्या नसते. सगळ्या सर्चमधला त्या शब्दाचा वाटा काढून, त्यातल्या सगळ्यात वरच्या बिंदूला शंभर धरून बाकीचं त्या हिशोबात बसवलेलं असतं, तेही सॅम्पलवरून, त्यामुळे तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला तर आकडे थोडे हलतात. मी एकदा मुंबईचं डेंग्यूचं सर्च घेऊन मॉडेल केलं होतं, पावसाळ्याबरोबर काय सुंदर चालायचं. मग लक्षात आलं पावसाळ्याबरोबर तर सगळंच चालतं, रेनकोट, ताडपत्री, लोकल चालू आहे का. आणि डेंग्यू देवनागरीत शोधणारे वेगळे, रोमनमध्ये शोधणारे वेगळे, आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टला विचारून मोकळी होणारी माझी सासू कुठेच नाही.

यात गूगल स्वतः पडलंय. 2008 मध्ये त्यांनी फ्लू ट्रेंड्स काढलं, लोकांच्या सर्चवरून अमेरिकेतला फ्लू सरकारी आकड्यांच्या आधी सांगायचं. पाच कोटी सर्चमधून पंचेचाळीस निवडले, 2009 साली 'नेचर'मध्ये पेपर, वाहवा. चाळताना हायस्कूल बास्केटबॉलचे सर्च पण फ्लूशी जुळत होते, कारण दोन्ही हिवाळ्यातले. त्याच वर्षी स्वाइन फ्लूची पहिली लाट त्यांनी कमी दाखवली, आणि 2012-13 च्या हिवाळ्यात सरकारी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. 2014 मध्ये 'सायन्स'मध्ये लेख आला, त्यात मोजलं होतं की 2011 च्या ऑगस्टपासूनच्या 108 आठवड्यांपैकी 100 आठवडे अंदाज जास्तच होता. 2015 मध्ये बंद केलं. बातम्यांत फ्लू आला की ताप नसलेले पण फ्लू सर्च करतात, आणि सर्च बॉक्स स्वतःच पुढचे शब्द सुचवतो, आपण काय मोजतोय तेच बदलत राहतं. त्यांच्याकडे तर सगळा डेटा होता.

आता जे मला टोचतं ते. मी हाताने वाचली असती तर ती कमेंट पकडली असती का? नाही. सांगितलं ना, आदल्या रात्री वाचली होती! फाँट मोठा केला होता! पकडली त्या पीआरच्या बाईंनी, कारण त्यांना तो माणूस माहीत होता. म्हणजे माझ्या चारशे कमेंटच्या मेथडने पण ती चुकलीच असती, रँडम सॅम्पलमध्ये ती आलीच नसती बहुतेक. गेल्या वर्षी इंटर्नने ती ओळ एका नव्या एआय मॉडेलला दिली, नुसती दिली तर म्हणालं कृतज्ञता, वरचा थ्रेड जोडून दिला तर दुसऱ्या सेकंदाला म्हणालं हा उपरोध आहे, पेशंट बहुधा गेलाय. इंटर्न माझ्याकडे बघून हसला. मी काय बोलणार, माझ्यापेक्षा बरं वाचलं त्याने. मग मी त्याला म्हटलं की मराठी मॉडेल शिकवायला डेटा कुठून येतो, पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधन गटाने 2021 मध्ये सोळा हजारांच्या आसपास मराठी ट्वीट चांगलं-वाईट-मधलं असे लेबल लावून दिले, ते लेबल माणसांनीच बसून लावले ना. तो म्हणाला, हो मॅडम, एकदा लावले, आता परत परत कशाला? याचं उत्तर मला अजून आलेलं नाही.

तोपर्यंत आमचं असं चाललंय की सोमवारी चारशे कमेंट निघतात, पॅरेंट कमेंटच्या, म्हणजे कोण कोणाला उत्तर देतंय त्या कॉलमसकट, मी आणि इंटर्न वेगवेगळे बसून लेबल लावतो आणि मग आमचं किती जुळलं ते 'कापा' काढून बघतो, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून काढलेला आकडा, पूर्ण जुळलं तर एक. या आठवड्यात 0.64 आला, म्हणजे दोन माणसांचं पण धड जुळत नाही. काल एकाच ओळीवर वीस मिनिटं गेली: "बिल बघून ताप उतरला." तो म्हणतो सरळ निगेटिव्ह. मी म्हटलं थ्रेड उघड. थ्रेडमध्ये खाली त्याच बाईने लिहिलंय, खरंच, वाटलं त्याच्या निम्मंच आलं. तो म्हणतो हा पण टोमणा असेल.