मैदानातून रस्त्यावर, नोंद ३: मागे वळून बघणं आणि रस्ता ओलांडणं

पुण्यात चौथी ते सातवीच्या मुलांसाठीच्या पायी आणि सायकल सुरक्षेच्या सरावात या फेरीत एकच मोठा बदल केला. "बघितलंस का?" हा प्रश्न बंद. त्याला उत्तर ठरलेलं असतं: "हो." आता विचारायचं, "काय दिसलं?" मुलाने "लाल स्कूटर, लांब आहे" असं मोठ्याने सांगितलं की मगच पुढचं पाऊल. बाकीचे सराव याच प्रश्नाभोवती बसवले आहेत.

सामान तेच: फक्कीची पिशवी, २० मीटरची टेप, अर्ध्या वाळूने भरलेल्या दहा बाटल्या, पंप, पान्यांचा सेट. एका तुकडीत १२ मुलं, त्याहून जास्त नकोत.

तपासणीत सगळ्यात जास्त सापडते ती "अजून दोन वर्षं पुरेल" म्हणून घेतलेली मोठी सायकल. सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ब्रेक पूर्ण दाबला तरी मूठ आणि हँडल यांच्यात मुलाची दोन बोटं मावली पाहिजेत. ब्रेकचं रबर रिमवर बसतंय ना, हेही वाकून बघा; टायरला घासत असेल तर टायर कडेने कापला जातो. पुढचा ब्रेक कोणत्या मुठीला आहे हे गृहीत धरू नका. पुढचं चाक उचलून फिरवा आणि मुलालाच दाबून शोधू द्या.

मागे वळून बघण्याचा सराव: फक्कीने १५ मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद पट्टा आखायचा. मूल पट्ट्यातून जाताना मागे उभ्या माणसाने बोटं वर करायची आणि मुलाने आकडा सांगायचा. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक सायकल वळलेल्या मानेच्याच बाजूला पट्ट्याबाहेर जाते. कारण कोपर ताठ असतं. मानेबरोबर खांदा वळतो आणि खांद्याबरोबर हँडल. उपाय असा: कोपर सैल, क्षणभर पेडल थांबवायचं, हनुवटी खांद्याला लावायची. हे जमेपर्यंत हात दाखवायला शिकवू नका. एका हाताने हँडल धरून मागे बघणं ही पुढची पायरी आहे, आणि घाई केली तर मूल हात दाखवतं पण मागे बघतच नाही.

रस्ता ओलांडण्याचं गणित मुलांना आवडतं. दोन लेनचा रस्ता साधारण ७ मीटर. मुलाला तो पार करायला सहा-सात सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे तेवढ्या वेळात जवळजवळ ८० मीटर. हे अंतर शाळेसमोर टेपने मोजून एखादा खांब ठरवायचा: गाडी त्या खांबाच्या अलीकडे आली असेल तर थांबायचं. चौथीतल्या मुलाला वेगाचा अंदाज धड येत नाही, खांब मात्र दिसतो. गाड्या याहून वेगाने जात असतील तर खांब आणखी लांबचा घ्या.

"उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे" हे पाठ करून घेतलं तरी जंगली महाराज रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावर ते अपुरं पडतं. उलट दिशेने येणारी दुचाकी तिथेच दगा देते. म्हणून दोन्हीकडे काय दिसलं ते सांगायचं. उभ्या रिक्षाआडून ओलांडावं लागलं, तर आधी आत चालक आहे का ते बघायचं, मग रिक्षाच्या बाहेरच्या कडेला थांबून पुन्हा दोन्हीकडे नजर टाकायची.

पालकांनाही अर्धा तास द्या. मोठं माणूस हात धरून ओढत नेतं तेव्हा मुलाची मान वळतच नाही. मनगट धरा, गाड्यांच्या बाजूला स्वतः चाला आणि "आता जायचं" हे मुलाला म्हणू द्या. खात्री मात्र तुम्ही करा.

मुलांचा नेहमीचा गोंधळ: फुटपाथ नसेल तर पायी उजव्या कडेने, सायकलवर मात्र डावीकडून. चालणाऱ्याला समोरून येणारी गाडी दिसावी लागते. सायकल उलट बाजूने आली तर वळणाऱ्या चालकाची नजर तिच्याकडे जातच नाही.

पुढच्या सत्रात ओला ब्रेक. रिमवर पाणी असलं की चाकाचे पहिले एक-दोन फेरे ते पुसण्यातच जातात. कोरड्या आणि ओल्या चाकाने सायकल कुठे थांबली ते शेजारी-शेजारी खुणावायचं. ओल्या जमिनीवर फक्की टिकत नाही, तिथे बाटल्या लावा.