वकील एकच, तोही दोघांचा

आज मावसभाऊ आणि वहिनीसोबत जळगावला कोर्टात जाऊन आले. परस्परसंमतीने घटस्फोट, दोघांत मिळून वकील एकच. वहिनीचे धुळ्याचे काका यावरून जाम तापलेत. "एकच वकील म्हणजे तो पोराकडच्यांचाच!"

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्जच दोघांनी मिळून करायचा असतो, त्यामुळे एका वकिलात काम भागतं. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, अर्जानंतर आणखी ६ महिने. (२०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे हे ६ महिने माफ होऊ शकतात, पण ते न्यायाधीशांच्या मनावर.) निकालापर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. तरी काका अगदीच चूक नाहीत. स्त्रीधन, पोटगी, मुलाचा ताबा, यातलं एक जरी अडलं तर बाईनं वेगळा वकील करावाच.

इथे अडलं नाही. वहिनीनं दागिन्यांची यादी स्वतः लिहून आणलेली. वकीलसाहेब एकेक ओळ वाचत होते, भाऊ मान डोलवत होता. पोतेपाशी थांबला. "ती आईची आहे... असू द्या, तिलाच राहू द्या."

नंतर तिघांनी शेवभाजी खाल्ली, बिल वहिनीनं दिलं. काकांना हे कोण सांगणार?