चाक काढा, वल्ही दाखवा

मुंबईजवळच्या खांदेरी बेटासाठी मराठा आरमार आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईची स्केचेस करायचं काम आलं एका सिरीजसाठी, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाहीये. पहिल्याच मीटिंगला सांगितलं की इंग्रजांच्या जहाजावर ते मोठं गोल चाक हवं, कॅप्टन ते धरून उभा आणि मागे युनियन जॅक. अहो पण साल १६७९! जहाजांवर चाक आलं अठराव्या शतकात, त्याआधी सुकाणूला जोडलेला उभा दांडा रेटायचे. आणि आत्ताचा युनियन जॅक १८०१ चा, ईस्ट इंडिया कंपनीच्या झेंड्यावर तेव्हा लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात सेंट जॉर्जचा क्रॉस. कापडच तर शिवायचंय, मग बरोबर का नाही शिवायचं?

पण माझा खरा जीव अडकलाय तो आपल्या बोटींमध्ये. पडद्यावर भव्य दिसावं म्हणून मराठा आरमारालाही तीन-तीन डोलकाठ्यांची अवाढव्य जहाजं देतात आणि तिथेच सगळी लढाई हातातून जाते, कारण १८ ऑक्टोबरला पहाटे आपल्या आरमाराचा सरदार दौलतखान आला तो साठेक छोटी गलबतं घेऊन, वल्ही मारत, इतक्या वेगात की इंग्रजांना धड निघायलाही वेळ मिळाला नाही, आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांची डव्ह नावाची गुराब (तोफांचं लढाऊ जहाज) आपल्या ताब्यात.

ससून डॉकला एका तांडेल काकांना, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाला, विचारलं, ऑक्टोबरात पहाटे समुद्र कसा असतो? जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले, "तेलासारखा. वारा पडला का शिडाची बोट जागेवर, मग ज्याच्या हातात वल्हं तोच पुढं." मला अख्खा सीन तिथेच दिसला. वादळ नको, लाटा नकोत, शांत पाणी, लोंबलेली शिडं आणि अंधारातून येणारा वल्ह्यांचा आवाज.

आणि हो, पुढे रिव्हेंज जहाजाच्या तोफांपुढे आपल्या गलबतांना मागे हटावं लागलं, नागोठण्याच्या खाडीत जावं लागलं, तेही दाखवा ना. त्याने काही कमी होत नाही, बेट शेवटी आपल्याकडेच राहिलं.

आता गुराबीचं स्केच अडलंय. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बुटकी, त्यामुळे तोफ सरळ पुढे डागता यायची, पण उतार नक्की किती द्यायचा ते हाताला जमत नाहीये. मढ-वर्सोव्याकडे लाकडी बोटी बांधणारे जुने सुतार कोणाच्या ओळखीत असतील तर प्लीज सांगा, रविवारी वही घेऊन जातो.