फ्लॉरेन्समधला सान मार्को मठ: भित्तिचित्रं आणि पोथ्या बघायचा क्रम

फ्लॉरेन्सला गेलेले बहुतेक जण सकाळ मायकलँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याच्या रांगेत घालवतात, सान मार्को दुपारवर ढकलतात आणि बंद दार बघून परततात. हे संग्रहालय एरवी दुपारी दोनच्या आतच मिटतं. सुट्टीचे वार बदलत असतात, म्हणून वेळा आदल्या दिवशी तपासा. डेव्हिड जिथे आहे त्या अकादमी संग्रहालयापासून मठ जेमतेम तीन मिनिटांवर आहे, तेव्हा आधी मठ, मग डेव्हिड.

आम्ही दार उघडताच आत शिरलो आणि तळमजला सोडून थेट जिना चढलो. वर साधूंच्या चाळीसहून जास्त कोठड्या आहेत, बऱ्याचशा दारातूनच बघाव्या लागतात. गट आले की प्रत्येक दाराशी खोळंबा होतो. जिन्याच्या माथ्यावरच मरियेला देवदूताचा निरोप मिळतानाचं प्रसिद्ध चित्र आहे. खालची लॅटिन ओळ बजावते, की इथून जाताना 'आवे' (मरियेला वंदन) म्हणायला विसरू नका. म्हणजे हे चित्र येता-जाता प्रार्थनेसाठी होतं.

कोठड्यांतली चित्रं साधू-चित्रकार फ्रा अँजेलिको आणि त्याच्या साथीदारांनी 1440 च्या आसपास रंगवली. चित्र आणि खिडकी एकाच भिंतीत असल्याने उजेड थेट डोळ्यांवर येतो आणि चित्र काळवंडतं. तळहाताने खिडकी झाका आणि मिनिटभर थांबा; फोटोतही खिडकी चौकटीबाहेर ठेवा. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच. वेळ कमी असेल तर 3 आणि 7 क्रमांकाच्या कोठड्या चुकवू नका. सातवीत ख्रिस्ताची विटंबना आहे: डोळे बांधलेला ख्रिस्त आणि त्याच्याभोवती धड नसलेले, हवेत तरंगणारे हात, शिवाय थुंकणारं एक मुंडकं. खाली संत डॉमिनिक शांतपणे वाचत बसलाय. 38-39 या खास फ्लॉरेन्सचा धनाढ्य सावकार कोझिमो दे मेदिचीच्या कोठड्या. मठाचा खर्च त्याचा, म्हणून इथे निळा रंगही सढळ.

या निळ्याचं पुढे काय होतं, ते खाली सभागृहातल्या भव्य क्रूसारोहणाच्या भित्तिचित्रात दिसतं. तिथलं आकाश आता तांबूस-करडं आहे. अझुराइट हा खनिजाचा निळा रंग ओल्या चुन्यात नीट टिकत नाही, म्हणून तो भिंत सुकल्यावर चिकट माध्यमात लावत. तो थर गळला आणि खालचा अस्तराचा रंग उघडा पडला. (अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास फ्रेस्को, म्हणजे ओल्या चुन्यावरची चित्रं, म्हणतात, पण ती मुळातच कोरड्या गिलाव्यावरची आहेत.)

खाली उतरण्याआधी वास्तुकार मिकेलोत्सोने बांधलेलं ग्रंथालय बघा. काचेच्या पेट्यांत समूहगायनाच्या चर्मपत्री पोथ्या असतात, मात्र पानं आणि पोथ्या बदलत राहतात. उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. वरून बघितलं तर सोनं तपकिरी वाटतं. डोळे पानाच्या पातळीला येईपर्यंत वाका, मग ते चमकतं आणि त्याचा उठावही कळतो. वर्खाखाली जिप्सम, सफेदा, सरस आणि थोड्या साखरेचा लेप असतो. साखर ओल धरते, म्हणून तोंडाची वाफ सोडली की लेप चिकट होतो, वर्ख बसतो. मग तो अकीकाने किंवा कुत्र्याच्या दाताने घोटत. पान उलटताना चर्मपत्र वाकतं, लेप वाकत नाही. त्यामुळे भेगा पडतात, सोन्याचे टवके उडतात. मोठ्या अक्षरांच्या कडांवर हे शोधा.

शेवटी तळमजल्यावरच्या लाकडी फलकांकडे वळा. लिनन-कापडवाल्यांच्या संघाने 1433 मध्ये सांगितलेली वेदी इथेच आहे: करार 190 सुवर्ण फ्लोरिनांचा, सोनं, निळा आणि चांदी उत्तमातली वापरण्याच्या अटीसह. संगमरवरी चौकटीचा आराखडा शिल्पकार गिबेर्तीचा.

वेळ उरला तर जवळच्या सांत'अपोल्लोनिया या जुन्या मठात चित्रकार कास्तान्योचं 1447 चं 'शेवटचं भोजन' हे भित्तिचित्र आहे. तिथे तिकीट नाही, पण तेही दुपारी लवकर बंद होतं.