‘ना’ परत मिळवताना : माझा अनुभव

त्या सकाळी जाग आली तेव्हा उजवा हात अंगाखाली चेंगरल्यासारखा बधिर होता. मुंग्या मात्र नव्हत्या. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं, पण ‘येईल ताळ्यावर’ म्हणून तासभर तसाच बसलो. चहा ओठांच्या कडेने सांडला, तेव्हा हिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि रिक्षा बोलावली.

अर्धांगाचा झटका होता, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली. ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झटका झोपेत आला असेल, तर रात्री शेवटचं ठणठणीत होतो ती वेळ धरतात. माझी ती मुदत पहाटेच उलटून गेली होती.

एमआरआयवर डाग दिसला तो डाव्या मेंदूत, खोल, वाटाण्याएवढा. एवढ्याशा डागाने अख्खा हात कसा जातो, हे मला पटेना. डॉक्टरांनी समजावलं ते असं. मेंदूच्या पृष्ठभागावर बोटांना भलीमोठी जागा दिलेली असते, सबंध पाठीपेक्षा कितीतरी मोठी. पण तिथून निघालेले तंतू खाली उतरताना एका चिंचोळ्या वाटेत दाटीवाटीने एकत्र येतात. आम्हा मिरजकरांना कोकणात उतरायचं तर आंबा घाट. घाटात एक दरड कोसळली की वरची सगळी गावं अडकतात, तसं माझं झालं होतं. पुढे मानेच्या जरा वर बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूचा हिशोब उजव्या हाताला चुकवावा लागतो.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तबला मात्र तीस वर्षं वाजवतोय, भजनी मंडळात आणि घरी. उजवा हात म्हणजे माझा दायाँ, जोडीतला उजव्या हाताने वाजवायचा तबला; ‘ना’ हा बोल त्याच्यावरचाच. गंमत अशी की बोल जसेच्या तसे शाबूत होते. पलंगावर पडल्या पडल्या त्रितालाची पढंत करायचो, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचो, ‘धा धिं धिं धा’, आणि समेवर बरोब्बर यायचो. तोंडातली लय हातात उतरत नव्हती, एवढंच.

फिजिओच्या मॅडमनी आधीच सांगितलं होतं, ‘काका, खांदा आधी येईल, बोटं सगळ्यात शेवटी.’ तसंच झालं. तीन आठवड्यांत हात खांद्यातून उचलला जायला लागला, पण मूठ मिटली की उघडेना. वर मला डाव्या हाताची सवय लागली. शर्टाची बटणं, घास, सही, सगळं डाव्याने. मॅडम चिडल्या. न वापरलेला हात मेंदू हळूहळू विसरतो म्हणे. मग रोज दोन तास डाव्या हातात ओव्हनचा जाड हातमोजा. त्या दोन तासांत मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या नोकरीत दिल्या नसतील.

दुसऱ्या महिन्यात आरसा आला. टेबलावर मधोमध उभा आरसा ठेवायचा, दुबळा हात त्याच्यामागे लपवायचा आणि धडधाकट हाताची हालचाल आरशात बघायची. ही युक्ती विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत, कापलेला हात दुखतो अशी तक्रार असलेल्या माणसांसाठी काढली. पुढे ती अर्धांगाच्या रुग्णांसाठीही वापरात आली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. समोर माझा उजवा हात मूठ उघडत होता. खोटं आहे हे ठाऊक असूनही डोळे ऐकेनात.

मी तिथे तबला आणला आणि फसलो. डावा हात बिचारा डग्ग्याचा, त्याला ‘घे’ येतं. आरशात दिसायचा तो डग्गा वाजवणारा उजवा हात! माझ्या काय कामाचा? शेवटी डाव्या हाताला दायाँचा ‘ना’ शिकवायला बसलो. अनामिका तबल्यावरच्या काळ्या शाईच्या कडेला अलगद टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर, म्हणजे काठच्या पट्टीवर, आघात करायचा. तीस वर्षं वाजवणारा माणूस पहिल्या दिवसाच्या पोरासारखा धडपडत होता.

तेव्हा गुरुजी आठवले. त्यांनी पहिले सहा महिने मला तबल्याला हात लावू दिला नव्हता, नुसतं बघायचं आणि बोल म्हणायचे. शेजारचा एक मुलगा माझ्याकडे शिकतो. त्याला म्हटलं, ‘तू वाजव, मी बघतो.’ समोर नाही, शेजारी बसवला, म्हणजे त्याचा उजवा हात माझ्या उजव्या हाताच्या बाजूने दिसेल. वीस मिनिटं बघायचं आणि लगेच तोच बोल स्वतः काढायचा.

याच्यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. इटलीतल्या पार्मा इथे जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीची नोंद घेत होते. वस्तू उचलताना पेटणाऱ्या काही पेशी, संशोधकाने ती उचललेली माकडाने नुसती पाहिली तरी पेटत होत्या. हे १९९२ साली छापून आलं; या पेशींना पुढे ‘मिरर न्यूरॉन’, म्हणजे आरसा-पेशी, असं नाव पडलं. २००२ मध्ये याच गटाने दाखवलं की शेंगदाण्याचं टरफल फुटल्याचा नुसता आवाज आला तरी यातल्या काही पेशी जाग्या होतात. लंडनमधल्या २००५च्या एका प्रयोगात नर्तकांना नाच दाखवला, तेव्हा स्वतःला येणाऱ्या नृत्यशैलीला त्यांच्या मेंदूने जास्त प्रतिसाद दिला. माझ्या बायकोला त्या पोराचे हात दिसतात, मला त्यातला ‘ना’ दिसतो, हा फरक मला तिथे सापडला.

या पेशींच्या नावावर नंतर वाट्टेल ते खपवलं गेलं, अगदी दयाबुद्धीसुद्धा. त्यावर शास्त्रज्ञांचेच आक्षेप आहेत. माझा हात बघण्याने सुधारला, आरशाने, हातमोज्याने की नुसत्या दिवसांनी, हे मीही छातीठोकपणे सांगणार नाही. चौथ्या महिन्यात तर्जनी एकटी उचलली गेली, एवढं खरं.

आज चौदा महिने झाले. संथ दादरा निघतो. बटणं लागतात, वरचं सोडून. परवा वाजवत बसलो होतो, पोरगा आत पाणी प्यायला गेलेला. तिथूनच ओरडला, ‘काका, अनामिका उचलली गेली!’ खाली पाहिलं. खरंच उचलली गेली होती.